मागे शेपूट, समोर पडदा

वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, तरी पत्रा कापणाऱ्या आणि वेल्डिंग करणाऱ्या गाळ्यांनी तिथली जागा सोडलेली नाही. अशाच एका गाळ्यात माझ्या मेव्हण्याने त्याचा ट्रेलर बनवून घेतला. दोन चाकं, थेंबाच्या आकाराची पत्र्याची खोली, आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की शेगडी, पाण्याचा कॅन, मसाल्याचा डबा. रिकाम्याचं वजन ४०० किलोच्या आत. पौषातल्या एका शनिवारी सकाळी ठाण्याहून निघून, डोंबिवलीत माझ्या बायकोला घेऊन, तो कल्याणवरून मुरबाड रोडला गोवेलीच्या पुढे एका मित्राच्या शेतावर न्यायचा, असं ठरलं. गाडी माझी, म्हणून चालवायची मी.

"भावोजी, पुढचं तुम्हाला येतंच," मेव्हणा म्हणाला. "आज फक्त मागे बघायचं."

मागे बघितलं तर ट्रेलर दिसेचना. मोठा कॅरॅव्हान ओढताना आरशात दोन्ही बाजूंनी त्याच्या भिंती दिसत राहतात, त्यामुळे तो कुठे वळतोय ते कळतं. हा पडला छातीएवढ्या उंचीचा, गाडीपेक्षा अरुंद. मागच्या काचेतून त्याचं टप्पर जेमतेम दिसतं, बाजूच्या आरशांत तर काहीच नाही. तो वाकडा होऊन आरशात दिसायला लागतो तोवर फार उशीर झालेला असतो. त्यात जोडायचा दांडा आखूड, म्हणजे रिव्हर्समध्ये तो लांब ट्रेलरपेक्षा झटकन वळतो. लहान म्हणून सोपा, हा समज गाळ्याच्या दारातच निकालात निघाला. लहान ट्रेलरलाच कॅमेरा जास्त लागतो.

कॅमेरे दोन. पहिला गाडीचा स्वतःचा, मागच्या नंबरप्लेटजवळचा. त्याचं काम ट्रेलर जोडण्यापुरतं. गाडीला मागे ५० मिलिमीटरचा लोखंडी बॉल असतो आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला त्यावर बसणारी टोपी. पूर्वी गाडी मागे घेताना एक माणूस मध्ये उभा राहून "अजून... अजून... बस्स!" करायचा आणि तरी चार बोटांचं अंतर राहायचंच. आता पडद्यावर बॉल दिसतो, टोपीवर मेव्हण्याने लाल टेपचा तुकडा चिकटवलाय तोही दिसतो. लाल ठिपका बॉलच्या डोक्यावर आणून थांबायचं, दांड्याचं छोटं टेकूचं चाक फिरवून दांडा खाली सोडायचा, खटका लावायचा, साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींवरून नेऊन अडकवायच्या. जोड सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या फुलीत झेलला जातो.

ट्रेलर जोडला की या कॅमेऱ्याचं आयुष्य संपलं. पडद्यावर फक्त ट्रेलरचं नाक. शिवाय १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झालेत. त्या बिचाऱ्यांना ट्रेलर म्हणजे भिंत वाटते. रिव्हर्स टाकला की जी टीं टीं सुरू होते ती थांबत नाही. सेन्सरचं बटण बंद करायचं, हा दिवसातला पहिला धडा.

दुसरा कॅमेरा ट्रेलरच्या पाठीवर, झाकणाच्या वरच्या कडेला. (स्वयंपाकासाठी झाकण उघडलं की तो आकाश दाखवतो. मेव्हण्याला यात काही वावगं वाटत नाही.) आधी त्याने बिनतारी घेतला होता. एकाच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात घरोघरचं वायफाय, ब्लूटूथ आणि हा कॅमेरा, त्यामुळे सोसायट्यांच्या गर्दीत चित्राला मुंग्या यायच्या. शेवटी दांड्यावरून वायर ओढली. वीज टेललॅम्पच्या लाइनवरून, म्हणजे पडदा हवा असेल तर भरदिवसा पार्किंग लाइट लावून हिंडायचं.

स्वस्त कॅमेऱ्याच्या शेपटीला दोन रंगीत वायरींचे छोटे लूप असतात, त्यांची गंमत मला त्याने कटर हातात घेऊनच दाखवली. एक लूप कापला की चित्र डावं-उजवं पालटतं, दुसरा कापला की पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा गायब होतात. मागे बघायच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखंच हवं, नाहीतर उजवीकडून येणारी बाइक पडद्यावर डावीकडून येते आणि आपण तिच्याच अंगावर जातो. रेषा मात्र त्याने कापून टाकल्या. त्या गाडीच्या मापाने आखलेल्या. ट्रेलर कुठे जाणार हे त्यांना काय ठाऊक?

निघालो, तर कापूरबावडीला हवालदाराने हात केला. त्याला आइस्क्रीमची गाडी वाटली होती. ट्रेलरची स्वतःची एमएच ०४ ची पाटी आणि कागद बघून तो चकित झाला, "याला इंजिन कुठाय?" इंजिन नसलं तरी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे मोटार वाहनच आहे, हे मेव्हण्याला पाठ होतं. राज्य सरकारच्या २०२१ च्या कॅरॅव्हान पर्यटन धोरणाचं नावही त्याने घेतलं. हवालदाराला धोरणापेक्षा आतली गादी बघायची होती. दाखवली.

साकेत पुलापासून नाशिक महामार्गावर पडद्याची खरी करमणूक सुरू झाली. न्हावाशेव्याहून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले चाळीस फुटी कंटेनर, रुंदीकरणाची धूळ, आणि आपला ताशी पन्नासचा वेग. वाहन मागे घ्यायचा कॅमेरा म्हणून जो विकला जातो तो सगळ्यात उपयोगी पडतो पुढे जाताना, हे मला खारेगावच्या आसपास पटलं. आरशात बाजूच्या दोन लेन दिसतात. ट्रेलरच्या थेट पाठीमागे कोण चिकटलंय ते फक्त पडद्यावर. आणि तिथे कायम कोणीतरी चिकटलेलं होतं. एक टेम्पो इतका जवळ की त्याच्या काचेवरचं "आई एकवीरा प्रसन्न" उलट्या अक्षरांत मी पूर्ण वाचलं. रुंद कोनाच्या भिंगात सगळं आहे त्याहून लांब दिसतं, म्हणजे पडद्यावर आठ-दहा हात वाटणारा टेम्पो प्रत्यक्षात पाठीवर बसलेला. मी हळूहळू वेग उतरवला, त्याला वाट दिली. गचकन ब्रेक मारला असता तर एकवीरा आई थेट स्वयंपाकघरात आली असती.

१९५६ साली ब्यूइक कंपनीने सेंच्युरियन नावाची एक प्रदर्शनाची कार केली होती. तिला आरसेच नव्हते, मागे टीव्ही कॅमेरा आणि पुढे पडदा. लोकांनी तेव्हा ती नवलाई म्हणून बघितली आणि घरी गेले. त्या डिझायनरांना माणकोली नाक्यावर आणून उभं करायला हवं होतं.

माणकोलीला वळलो आणि मोठागावचा पूल घेतला. २०२४ मध्ये हा सुरू झाल्यापासून ठाणे-डोंबिवली या प्रवासातलं रडगाणं निम्मं झालंय. खाडी ओलांडली की थेट डोंबिवली पश्चिम. उरलेलं निम्मं रडगाणं तिथे सुरू होतं. आमची गल्ली एका टोकाला बंद. नेहमी गाडी आत घालतो आणि तीन झटक्यांत फिरवतो. ट्रेलरसकट आत शिरलो, बायको पिशव्या घेऊन उभीच होती, आणि मग लक्षात आलं की आता बाहेर पडायचं ते उलटं.

रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला मार्गदर्शन करणं हा डोंबिवलीकराचा जन्मसिद्ध हक्क. वॉचमन आला, इस्त्रीवाला आला, दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून सूत्रं हलवू लागले. "लेफ्ट मारा, लेफ्ट!" "आता राइट काटा!" "सरळ... सरळ... अहो सरळ!" त्या सर्वांच्या सूचना कारसाठी अचूक होत्या. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, त्यामुळे प्रत्येक सूचनेगणिक ट्रेलर नेमका इस्त्रीच्या टेबलाकडे वळायचा. पडद्यावर मला भिंत, एक स्कूटर आणि वॉचमनचे हात दिसत होते. ट्रेलर किती कोनात वाकलाय ते दिसत नव्हतं, कारण कॅमेरा त्याच्याच पाठीवर, त्याला स्वतःचं वाकणं कसं दिसणार?

"अहो, सोडवा ना तो," बायको म्हणाली.

लहान ट्रेलरचा मोठा फायदा इथे कळला. खटका उघडला, साखळ्या आणि प्लग काढले, पुढचं छोटं चाक खाली केलं, आणि वॉचमन, इस्त्रीवाला, मेव्हणा आणि मी, चौघांनी तो हाताने गर्रकन फिरवला. गाडी वेगळी फिरवली. लाल ठिपका पुन्हा बॉलवर. गॅलरीतल्या काकांना हे फारसं आवडलं नाही.

ठाकुर्लीचा उड्डाणपूल, नव्वद फुटी रस्ता, पत्रीपूल. १९१४ चा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये मिळाला. मधल्या काळात इथे काय हाल झाले ते कल्याण-डोंबिवलीकराला विचारू नका, तो सांगत बसेल. त्या दिवशी मात्र पाच मिनिटांत पार झालो. शहाडचा पूल चढताना पडदा धुरकट झाला. वाटलं बिघडला, भिंगावर भिवंडीची धूळ बसली होती. म्हारळला चहाला थांबलो तेव्हा बायकोने ओढणीच्या टोकाने भिंग पुसलं आणि चित्र लख्ख झालं. पावसाळ्यात चिखल उडाला की हे दर काही मैलांवर करावं लागतं, असं मेव्हण्याने सांगितलं.

वरप, कांबा, पाचवा मैल. रस्ता मोकळा झाला आणि पडद्यावर शिंगं आली. मागच्या पिकअपमध्ये पाठमोरे नाही, तोंडं पुढे करून दोन पांढरे बैल उभे, शिंगांना गोंडे. म्हशाच्या यात्रेला निघाले होते. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हशात म्हसोबाची यात्रा भरते आणि बैलांचा बाजार लागतो. पिकअपने आम्हाला ओलांडलं तेव्हा चालकाने मान वळवून ट्रेलर बघितला, बैलांनीही.

रायतेचा पूल ओलांडून गोवेलीच्या पुढे मित्राच्या शेताचा फाटा. फाट्यावर एक वीटभट्टी, तिच्या कडेने बैलगाडीची वाट, आणि शेताच्या दारात फाटक असं की तिथे गाडी पुढून घातली तर वळवायला जागा नाही. उलटंच न्यायला हवं. इथे चौघांनी ढकलायचं म्हटलं तर जमीन भुसभुशीत आणि चढ.

भट्टीवरचा ट्रॅक्टरवाला विटांची ट्रॉली रिव्हर्समध्ये लावत होता. आरसा नाही, काही नाही; सीटवर आडवा बसून, मान मागे, एका हाताने स्टिअरिंग, आणि ट्रॉली रांगेला चिकटून थांबली. आमची गंमत तो बराच वेळ बघत होता. अखेर उतरून आला. "मी लावू का?" मी आनंदाने किल्ली दिली.

तो आत बसला, सवयीने मान मागे टाकली आणि थबकला. "यो तं दिसतंच नाय!"

ट्रॅक्टरवरून त्याला ट्रॉलीचे दोन्ही कोपरे दिसतात, म्हणून कोन कळतो. इथे काचेतून शेत, आभाळ आणि आमची पांघरुणं. मेव्हण्याने त्याला पडदा दाखवला. त्याने तो क्षणभर बघितला, मग बायकोला मागे, ट्रेलरच्या डाव्या बाजूला उभं केलं, "ताई, तुम्ही कायबी बोलू नका, फकस्त शेपूट जाईल तिकडं हात करा." स्वतः स्टिअरिंगचा खालचा भाग धरला. खालून धरलं की हात जिकडे न्यावा तिकडे शेपूट जातं, डावं-उजवं उलट करायचा हिशोब डोक्यात ठेवावाच लागत नाही. एकदा पुढे घेऊन सरळ केलं, आणि पडद्यावर फाटकाचा खांब, आरशात बायकोचा हात, असं बघत त्याने ट्रेलर आंब्याखाली नेऊन ठेवला.

चहा झाला तरी तो पडद्यासमोरून हलेना. भट्टीवरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर येतात ती पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतात, आणि त्यांची पोरं दिवसभर विटांच्या रांगांमधून धावत असतात. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. कोपरे दिसतात, मधलं नाही. "पाठी पोरं असत्यात," तो म्हणाला. "मी आधी उतरून बघून येतो. पन चढून बसंपर्यंत पोरगं परत तिथं."

अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला तो याच कारणाने. २००२ साली न्यूयॉर्क राज्यात एक डॉक्टर गाडी मागे घेत असताना त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा खाली सापडला. त्या कॅमेरन गल्ब्रान्सनच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला, आणि तो गाड्यांपर्यंत पोचायला मे २०१८ उजाडला. दहा वर्षं गेली, त्यातली बरीच खर्च आणि फायद्याच्या हिशोबात. मी हे सांगितलं तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने फक्त "दहा वर्सं?" एवढंच विचारलं.

मग तो मुद्द्यावर आला. ट्रॉलीला बसेल का? बारा व्होल्टची बॅटरी आहे, चालेल का? धुळीचं काय, हादऱ्याचं काय, आणि ट्रॉली सोडली की वायर कुठे ठेवायची? मेव्हण्याने पथारी अंथरायची सोडून पेटी उघडली. त्याच्याकडचा तो जुना बिनतारी कॅमेरा होताच, आणि भट्टीवर वायफाय नव्हतं. दोघं ट्रॉलीखाली सरपटत गेले. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "भावोजी, कटर द्या. आणि कुठली वायर कापायची ते ताईला विचारा, मघाशी मी दाखवलं होतं ना!"

ताई तेव्हा घरी होती, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी कटर दिला.