दादाला शब्द ऐकू येऊ देत

चि. निखिल,


तू पाठवलेला कोटेशनचा फोटो पाहिला. साठ हजारांत पाच स्पीकर, एक सबवूफर, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१२०० वॉट’, शिवाय दुकानदार वायरिंग फुकट करून देणार. ईशानचं मत तू कळवलंस: छातीत धडधडलं पाहिजे. मुग्धाचंही कळलं: हॉलमध्ये काळी खोकी नकोत. घरातल्या चौथ्या माणसाला, म्हणजे माझ्या दादाला, कोणी काही विचारल्याचं मात्र दिसलं नाही. आणि दिवसाचे सगळ्यात जास्त तास त्या टीव्हीसमोर बसणारा तोच. म्हणून हे लांबलचक उत्तर. सगळी नोकरी आकाशवाणीत झाली, तेव्हा आवाजाची गोष्ट मला थोडक्यात आटोपता येत नाही, हे तू जाणतोसच.

दादाची तक्रार काय आहे ती नीट ऐक. ‘आवाज कमी येतो’ असं तो म्हणत नाही. ‘बोलतात ते कळत नाही’ असं म्हणतो. या दोन तक्रारींचे इलाज वेगळे आहेत. बोलण्यातला दणकटपणा स्वरांत असतो. अ, आ, ओ यांची बहुतेक ताकद एक हजार हर्ट्झच्या खाली असते. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि स, श, त, फ ही मंडळी साधारण दोन ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, तीही अगदी क्षीण आवाजात वावरतात. वय झालं की कान आधी हाच वरचा पट्टा गमावतात. त्यात भर म्हणजे खालचा जोरदार आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो. उलट सहसा होत नाही. सबवूफर जितका घुमेल तितके दादाचे शब्द बुडतील. आवाज वाढवला की घुमणंही वाढतं, आणि बिचारा पुन्हा रिमोट शोधतो. (कानाची तपासणी मात्र करून घ्या. स्पीकर हा काही श्रवणयंत्राला पर्याय नव्हे.)

आता तुझ्या कोटेशनमधल्या त्या पाच इवल्याशा स्पीकरकडे बघ. तळहाताएवढे आहेत. एवढ्याशा शंकूला खर्ज पेलत नाही. दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं तो सबवूफरकडे ढकलतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे नायकाचा अर्धा आवाज टीव्हीखालून आणि अर्धा कोपऱ्यात सोफ्यामागे ठेवलेल्या डब्यातून येणार. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच. बरा स्पीकर असेल तर ही वाटणी ८० हर्ट्झला करता येते. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे डबा कुठेही ठेवला तरी चालतं.

वॉटचं म्हणशील तर तो आकडा खोक्यावरच राहू दे. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, लिहिलंय का ते बघ. ‘पीएमपीओ’ असेल तर पुढचा आकडा वाचूसुद्धा नकोस. आपण हिशेब करू. बऱ्यापैकी बुकशेल्फ स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल असते, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल घटतात. खोलीत भिंती थोडा परत करतात. दादाची खुर्ची टीव्हीपासून दहा फुटांवर आहे, म्हणजे एका वॉटला त्याच्यापर्यंत अंदाजे ८० पोचतील. संवाद ६५ ला ठेवलेस आणि बाँबस्फोट त्याहून २० डेसिबलने मोठा धरलास, तरी ८५ होतात. ८० वरून ८५ ला जायला लागतात तीन-साडेतीन वॉट. ईशानला दणका हवाय म्हणून आणखी १० डेसिबल धर, तर दहापट, पस्तीसेक वॉट. संपला हिशेब. वॉट दुप्पट केले की वाढतात जेमतेम तीन डेसिबल, आणि या तीन डेसिबलवर अख्खा बाजार चालतो. तीन डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर घेतला की तेच काम फुकटात होतं. गणपतीतल्या डॉल्बीच्या भिंतींनी ईशानच्या पिढीची समजूत करून दिलीय की जास्त म्हणजे चांगलं. गंमत अशी की ज्या रे डॉल्बींचं ते नाव, ते १९६३ ते ६५ संयुक्त राष्ट्रांतर्फे आपल्या देशात सल्लागार होते, आणि १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढल्यावर त्यांनी पहिलं यंत्र बनवलं ते टेपची खरखर घालवण्यासाठी.

तेव्हा माझा सल्ला: साठ हजारांत पाच स्पीकर घेऊ नकोस, तीन घे. निम्मे पैसे तर स्पीकर चालवणारा रिसीव्हरच खाईल. तो मात्र पाच स्पीकरचाच घे, म्हणजे पुढे वाढवता येईल, आणि टीव्हीशी एचडीएमआयच्या ‘आर्क’ जोडणीनं बोलणारा घे. उरलेल्या पैशांत पुढचे तीन: डावा, उजवा आणि मधला. तिघेही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले. नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्ये तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं. साडेपाच-सहा इंचांचा वूफर असलेले असतील तर सबवूफरशिवायही वर्षभर काही अडत नाही. मागचे दोन सगळ्यात शेवटी. मागून येतो तो पाऊस, गर्दी, हेलिकॉप्टर. तेवढ्याला थांबता येतं.

शौकीन मंडळी तुला सांगतील, दोनच घे, मधला लागतच नाही. बरोबर मध्ये बसणाऱ्यासाठी ते खरं आहे. दोन्हीकडून सारखा आवाज आला की पडद्याच्या मध्यातूनच कोणी बोलतंय असा भास होतो. पण दादा मध्ये बसत नाही. तो खिडकीशी, पेपर वाचायला उजेड असतो तिथे बसतो, आणि खुर्ची हलवणार नाही हे तुला माहीत आहे. जवळच्या स्पीकरचा आवाज कानावर क्षणभर आधी आला की मेंदू त्यालाच धरून बसतो. मग सगळी पात्रं त्याच्यासाठी खिडकीतून बोलणार. त्याच्यासाठी मधला हवाच. तो घेताना एक बघ: आडव्या खोक्यात ट्वीटरच्या दोन बाजूंना दोन वूफर असले, तर बाजूला बसणाऱ्याकडे त्यांचे आवाज पुढेमागे पोचतात आणि नेमक्या संवादाच्या पट्ट्यात एकमेकांना काटतात. दुकानदार सुटा विकायला तयार असेल, तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा घेऊन मध्ये उभा ठेव. टीव्ही भिंतीवर थोडा वर सरकवावा लागेल. मुग्धाशी ते तूच बोल.

आडवाच घ्यावा लागला तर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नकोस, कडेला आणून ठेव, आणि दाराखाली घालतो तशी रबरी पाचर पुढून लावून तोंड दादाच्या कानाकडे वर कर. आठवड्याभरात शोभेच्या वस्तू त्याच्यासमोर येऊन बसतील, त्याही हटव.

खोलीचं कोणी बोलत नाही, कारण ती दुकानात मिळत नाही. तुझ्या हॉलमध्ये चकचकीत फरशी, उघड्या भिंती, एका बाजूला सरकती काच. मधोमध उभा राहून टाळी वाजव. मागे झणझण राहते ना? प्रत्येक ‘स’ आणि ‘त’च्या मागे तेच चालू असणार. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा, नाहीतर सतरंजीच दुहेरी करून. काचेला जड पडदे. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, जे आत्ता दादाच्या खोलीत दार अडवून उभं आहे. दहा हजारांनी महाग स्पीकर घेऊन जे साधणार नाही ते यानं साधेल. खर्जाला मात्र पडदे-सतरंज्यांची पर्वा नाही. बारा फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो. एका जागी घुमतो, दोन पावलांवर नाहीसा होतो. पुढेमागे सबवूफर घेशील तेव्हा तो दादाच्या खुर्चीवर ठेव, खर्जाचं एखादं गाणं लाव आणि ईशानला जमिनीवर रांगायला लाव. जिथे त्याला खर्ज नितळ, न घुमता ऐकू येईल तिथे डबा ठेव. ही थट्टा नाही, जाणकार असंच करतात. आणि रात्री दहानंतर तो बंद. नियम आहेच, पण खालच्या मजल्यावर स्लॅबमधून खर्जच पोचतो, हे जास्त महत्त्वाचं.

जुने घ्यायचे म्हणत होतास, जरूर घे. स्पीकर टीव्हीसारखा जुना होत नाही. फक्त शंकूभोवतीची कडा रबराची आहे की फोमची ते बघ; आपल्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत भुसा होतो. बोटांनी शंकू सारखा दाब देऊन हळूच आत लोट, खरखरला तर सोडून दे. मल्टिमीटर ने, आठ ओहमचा धडधाकट स्पीकर सहाच्या जवळपास दाखवतो. जुना रिसीव्हर मात्र नको.

तारेवर पैसे घालवू नकोस. एवढ्या अंतराला दीड स्क्वेअर एमएमची साधी दोन पदरी तांब्याची तार पुष्कळ. सोन्याचा मुलामा वगैरे गळ्यात शोभतो.

दुकानात जाशील तेव्हा ते लावतील त्या मारामारीच्या क्लिपवर जाऊ नकोस; त्या आवाजात सगळेच स्पीकर सारखे वाटतात. ‘सैराट’ घेऊन जा. गाण्यांतला वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला आहे, व्हायोलिनांचा जथा वेगळा कळतो की नुसता गोळा होतो ते बघ. मग गावातले साधे संवाद, हळू आवाजात. आणि शेवटच्या दृश्यात आवाज पूर्ण थांबतो, तिथे व्हॉल्यूम वाढवून कान लाव. ॲम्प्लिफायर गुणगुणत असेल तर तिथे पकडला जाईल.

मुख्य म्हणजे दादाला बरोबर ने. पडद्याकडे पाठ करून बसव, म्हणजे ओठ वाचता येणार नाहीत, आणि दोन मिनिटांनी पात्रं काय बोलली ते विचार. आवडलं का, असं विचारू नकोस. तो तुझं मन राखायला हो म्हणेल. घरी आणल्यावर रिसीव्हरचा माइक खुर्चीवर ठेवून मोजणी होऊ दे, मग मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढव, आणि रात्रीसाठी ‘नाइट मोड’ कुठे असतो ते दादाला दाखवून ठेव.

मी पुढच्या महिन्यात ठाण्याला येतेय. लॅमिंग्टन रोडवरून तार आणि कनेक्टर मीच आणीन, दादालाही बरोबर नेईन. मग तिथल्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाहिल्याची हकीकत ईशानला परत ऐकावी लागेल, त्याची तयारी ठेवा. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझी,
शैलाआत्या