आत्याची पांढरी पाच

युकुलेलेच्या चार तारा वरून खाली पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा अशा लागतात. दुकानात त्यांना जी, सी, ई, ए म्हणतात. पेटीवर हात बसलेल्या माणसाला पट्ट्यांचा हिशेब सोपा. पांढरी एक षड्ज धरली तर नुसत्या मोकळ्या तारांतून प सा ग ध ऐकू येतं. खोड आहे ती पहिल्या तारेत. तिथे खर्जाचा सूर असेल असं वाटतं, पण ती षड्जाच्या डोक्यावरच्या पंचमात बोलते. या वाद्याला तळमजलाच नाही.

ही मेळवणीही काही मुळातली नव्हे. 23 ऑगस्ट 1879 रोजी ‘रेवन्सक्रॅग’ हे जहाज मदीरा बेटावरच्या पोर्तुगीज मजुरांना घेऊन होनोलुलूला लागलं. मजूर उसाच्या मळ्यांसाठी आले, त्यांच्यात नुनेस, डियास आणि एस्पिरितो सान्तो हे तीन सुतारही होते. त्यांच्या गावाकडचं ‘मशेत’ हे छोटं वाद्य हवाईच्या कोआ लाकडात उतरलं आणि त्याचं युकुलेले झालं. मशेतच्या तारा लागत प सा ग प. म्हणजे आज शेवटची तार एका स्वराने उतरवून कुणी ‘वेगळी मेळवणी’ केली म्हणून मिरवतो, तेव्हा तो आजोबांकडेच गेलेला असतो. तेव्हा तारा आतड्याच्या, आपण जिला तात म्हणतो तिच्या. नायलॉन आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

आमच्या आंबी गावात इंद्रायणीच्या काठाला हवा पावसाळाभर ओली. लोणावळ्याइतका पाऊस इथे नाही, तरी लाकडाला पुरेसा आहे. युकुलेलेचं पोट फुगतं, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. नायलॉनही ओल पितं, त्यामुळे संध्याकाळी लावलेली तार सकाळी भलतंच बोलते. फ्लुओरोकार्बनची तार जवळजवळ पाणी घेतच नाही. नायलॉनपेक्षा जड, म्हणून त्याच सुराला ती बारीक चालते आणि आवाज जरा टणक येतो. तंगूस म्हणून गळाला बांधतात तीही या दोन्ही जातींची मिळते. शेवटच्या तारेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते, एवढं माहीत असलं की मासेमारीच्या सामानातही काम भागतं. महागड्या पाकिटांबद्दल माझं मत त्यामुळे फारसं आदराचं राहिलेलं नाही.

पण ओल हे निमित्त. खरी अडचण आत्याची. ती हरिपाठ आणि अभंग म्हणते ते पांढरी पाचमध्ये. मी तारा छेडल्या तर म्हणाली, “माझा सूर कुठंय रं यात?” बरोबर होतं. वाद्याची सगळ्यात खालची तार पांढरी एक, तीही आत्याच्या षड्जाच्या वर. पांढरी पाच होती, पण तार सप्तकातली. गाणाऱ्याला पायाखाली सूर लागतो; डोक्यावरच्या सुराला धरून उभं राहता येत नाही.

मग पहिली तार बदलली. नायलॉनच्या गाभ्यावर धातूचा बारीक पीळ चढवलेली खालच्या पांढरी पाचची तार आणली. ती जाड, म्हणून मानेच्या टोकाची खाच पॉलिशपेपरने जराशी मोठी करावी लागली. निघालेली तार शेवटच्या जागी गेली. ती त्याच सुरासाठी घडवलेली, तिथेही तेच बोलते. दुसरी होती तशीच ठेवली. तिसरी एका स्वराने उतरवली. उतरवताना ताण पाचव्या हिश्शाने जातो, तार किंचित लोंबते, पण चालतं. आता क्रम असा: सा म प सां.

मध्यम आणि पंचम शेजारी असल्याने एकत्र छेडले की आवाज थोडा झगडतो. तंबोऱ्यात एकाच वेळी दोघांना बसवत नाहीत ते उगाच नाही. म्हणून भूपातला अभंग असेल तर मी दुसरी तार एक स्वर चढवून सा प प सां करतो. मालकंस असेल तर तिसरी आणखी उतरवून सा म म सां. एका खुंटीचं काम.

एक गोष्ट जमली नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी रुंद असते, वरून हलकी गोलाई दिलेली. तार तिला घासत सुटते आणि धागा नेमका सरकवला की जवारी उघडते. युकुलेलेच्या घोडीवरची पट्टी अरुंद, तार तिथून एकदम सुटते. मी तिच्याखाली सुताचा धागा घालून पाहिला. नुसती किरकिर आली. पोलादी तार लावायचा मोहही होतो, पण तिच्या ओढीने घोडी उखडेल. आणि एवढ्याशा पोटात खालचा षड्ज पुरता घुमत नाही, तो पुटपुटतो. आत्याला तेवढा पुरतो.

पुतण्याला मात्र पुरत नाही. शेवटच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी एक बोट ठेवलं की सोपा मेळ वाजायचा, तो आता वाजत नाही, आणि गणपतीत त्याला सिनेमाची गाणी वाजवायची आहेत. परत फिरवायचं तर दोन तारा बदला, मग नव्या तारांची ओढ संपेपर्यंत रोज खुंट्या पिळा.

“त्याला दुसरं घेऊन दे,” आत्या म्हणाली. “हे लागलंय, याला आता हात लावू नको.”