थ्री नॉट थ्रीचं लाकूड

ओहायोतल्या आमच्या गॅरेजात दोन ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री नॉट थ्री, रायफली आहेत. त्यातली एक मी घरी आणली त्याच दिवशी फोडली. दस्ता आतल्या लांब बोल्टनं आवळलेला असतो. मागच्या पितळी पट्टीतलं झाकण उघडायचं, लांब स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि फिरवायचा, असं मला वाटलं. पण बोल्टचं चौकोनी टोक नळीखालच्या लाकडात अडकलेलं असतं, म्हणून ते लाकूड आधी उतरवायचं. मी उलटं केलं. कट्‌ असा आवाज आला आणि दोन महायुद्धं पाहिलेलं अक्रोडाचं लाकूड माझ्या गॅरेजात चिरलं.

दुसरी आपल्याकडची, ईशापूर कारखान्यात १९४२ साली बनलेली. तिला हात लावला तेव्हा माझे वडील, आबा, इथेच होते. साताऱ्याकडे हवालदार होते ते. उभी नोकरी खांद्यावर थ्री नॉट थ्री. लाकूड इतकं काळं की जात ओळखू येईना. टर्पेंटाइननं पुसलं तर चिंध्यांमागून चिंध्या काळ्या. मग मी सँडपेपर घेतला.

"नंबर खरवडतोस का काय?" आबा म्हणाले. "कोतात रायफल नंबरावरनंच मिळायची."

कोत म्हणजे त्यांचं शस्त्रागार. दस्त्यावर पुसट आकडे होते. सँडपेपर ठेवून दिला.

दस्त्यावर ठिकठिकाणी खड्डे पडले होते. तिथं ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली. चर्र! दबलेले तंतू वाफेनं फुगतात आणि खड्डा डोळ्यांदेखत वर येतो. तंतू तुटलेला असला तर मात्र काही होत नाही; तसे दोन ओरखडे राहिलेच.

शेवटी जवसाचं तेल. कच्चं वाळायला फार दिवस घेतं, म्हणून डब्यातलं उकळलेलं आणलं. बोटभर तेल, तळहात गरम होईस्तोवर चोळायचं, उरलेलं पुसायचं. बायको म्हणाली, घरात चटणी कुटल्यासारखा वास येतोय. तेलाच्या चिंध्या मात्र बाहेर तारेवर सुट्या वाळत घातल्या. हे तेल वाळताना तापतं. बोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते.

इथला जुना हिशोब असा: आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा. आबा परत गेले त्याला पाच महिने झाले. रविवारी फोन येतो. आधी नातवाची चौकशी, मग आवाज जरा खाली आणून, "तेल दिलंस का रे?"