लहान तोंडी मोठा घास

आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर दोनच विषय असे आहेत की डबे संपले तरी कुणी उठत नाही. एक अप्रेझल, दुसरा गाड्या. अप्रेझलवर बोलून काही होत नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय, त्यामुळे हल्ली गाड्याच. त्यात मी एकदा विचारून बसलो, "घरची सिटी बदलायचीय, एक लिटर टर्बो घेऊ का?" झालं! पुढचे दोन आठवडे मला कुणी धड जेवू दिलं नाही.

एका बाजूला जुनी खोडं. "साडेचार मीटरची सेदान, पाच माणसं, डिकीत बॅगा, आणि इंजिन केवढं? ९९९ सीसी, तीन सिलिंडर! अरे, लहान तोंडी मोठा घास आहे हा." दुसऱ्या बाजूला आमचा वर्टसवाला मित्र. तो वाद घालत नाही, आकडे फेकतो. ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर, तेही १७५० आरपीएमपासून. "तुमच्या दीड लिटरच्या नव्या सिटीला टॉर्क किती? १४५. आणि कधी? ४३०० ला. ऑफिसातून घरी जाईपर्यंत कधी ४३०० पाहिलेत का?" तिसरा एक आहे, त्याच्याकडे पूर्वी लिनिया टी-जेट होती (२०१० ची, आपल्या रांजणगावात बनलेली). त्याच्या मते तीच शेवटची खरी टर्बो सेदान, त्यानंतरचं सगळं पाणी. त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. प्रेमात पडलेल्या माणसाशी काय बोलणार?

मी मनातून टर्बोच्या पार्टीत होतो, हे आधीच कबूल करतो. आणि "लहान इंजिन" या आक्षेपाचं तर मला हसूच यायचं. माझ्या काकांनी डिझेल सियाझ वर्षानुवर्षं चालवली. तिचं इंजिन १२४८ सीसी. सियाझही साडेचार मीटरचीच सेदान. तेव्हा कुणी लहान तोंड म्हटलं नाही, उलट "काय ओढते!" म्हणून कौतुक. अहो, ती ओढायची कारण तिला टर्बो होता! आपल्याकडच्या अर्ध्या घरांनी डिझायर डिझेलच्या रूपात छोटा टर्बो कधीच पचवलाय, फक्त त्याला टर्बो म्हणायचं नाही, 'डिझेलचा पिकअप' म्हणायचं. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, छोटी डिझेल परवडेनाशी झाली, मारुतीने तर डिझेल बंदच केलं. तो पिकअप ज्यांना हवा होता त्यांच्यासाठी मग हे पेट्रोल टर्बो आले.

"सगळा टॅक्सचा खेळ आहे" असंही एकजण म्हणाला. अर्धवट खरं. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्के झाली, पण त्यात पेट्रोलला १२०० सीसीबरोबर चार मीटर लांबीचीही अट होती. आजही तेच. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला जीएसटी १८ टक्के, पण साडेचार मीटरच्या सेदानला इंजिन एक लिटरचं असो की दीड, ४० टक्केच. म्हणजे सेदानमध्ये छोटं इंजिन टाकून टॅक्स वाचत नाही. कंपन्यांना त्यातून हवं असतं ते मायलेज आणि धुराच्या नियमांचं गणित जुळवणं.

असो. सांगायचा मुद्दा असा, की या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही. गाडी चालवणार कोण?

गाडी असते साताऱ्याला. मी महिन्यातून दोन शनिवार-रविवार जातो तेव्हा चालवतो. बाकी सगळे दिवस बाबा. आणि बाबांची चालवण्याची पद्धत लुनाच्या जमान्यात ठरलेली आहे: जमेल तितक्या लवकर वरचा गिअर. चाळीसला चौथा. पेट्रोल वाचतं. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन बंद, घरी पोचलं की फाटकाच्या आत चाकं आली न आली तोवर इंजिन बंद. आमची २०१३ ची सिटी हे सगळं निमूटपणे सोसत आली आहे.

मित्राने मोठ्या मनाने वर्टस दोन दिवस दिली. मॅन्युअल. रविवारी आई, बाबा, मी, बायको असे पाचगणीला निघालो. वाईपर्यंत मी चालवली आणि पसरणी घाट लागायच्या आधी मोठ्या रुबाबात बाबांना म्हटलं, "आता तुम्ही घ्या."

तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पुढे एक ट्रक रखडत चाललेला. बाबा तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम हजार-बाराशे. रस्ता मोकळा दिसला तसा त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी नुसती घरघरली. त्यांनी आणखी दाबला. काही नाही. मग पूर्णच दाबला, आणि नेमका त्याच क्षणी टर्बो जागा झाला. गाडीने अशी काही उसळी घेतली की ट्रकच्या बाजूला पोचतोय तोच समोरून एसटी! बाबांनी करकचून ब्रेक मारला, आम्ही परत ट्रकच्या मागे. मागून आईचं फक्त "अहो!" ऐकू आलं. त्यानंतर पाचगणीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

गाडीचा यात दोष नाही. टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या जोरावर. इंजिनच रेंगाळत असेल तर तो फिरणार कशाने? तोपर्यंत तुमच्या हातात नुसतं एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन असतं. आणि वरचा गिअर, कमी आरपीएम, एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर ही बाबांची सवय या इंजिनांना नुसती गैरसोयीची नाही, घातक ठरू शकते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बोमध्ये अशा वेळी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, फार झालं तर पिस्टन फुटतो. २०१८ मध्ये एपीआयने 'एसएन प्लस' हा ऑइलचा दर्जा आणला तो याच दुखण्यासाठी. मला हे सगळं ठाऊक होतं. कँटीनमध्ये चारदा सांगून झालं होतं. घाटाआधी बाबांना मात्र सांगितलं नव्हतं.

पाचगणीत चहा पिताना बाबाच म्हणाले, "इथं वर आल्यावर आपली सिटी दमते. ही दमली नाही." अगदी बरोबर. तेराशे मीटरच्या आसपास हवा बारा-तेरा टक्के विरळ होते, साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच उतरते, टर्बो ती तूट भरून काढतो. मी खूश होऊन समजवायला लागणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण ती माझं ऐकत नाही रे. सांगितलं की आधी विचार करते, आणि मग एकदम ऐकते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. साधी, टर्बो नसलेली दीड लिटर घेतली तर त्यांना पन्नास वर्षांची सवय बदलावी लागणार नाही. आणि खरं सांगायचं तर, टर्बो मला हवा होता, त्यांच्या नावाने.

मार्ग निघाला तो बायकोमुळे. "बाबांचा डावा गुडघा दुखतो, क्लचच नको. ऑटोमॅटिक बघा." बाबांनी आधी उडवून लावलं. "मी काय म्हातारा झालोय?" पण शोरूमची गाडी साताऱ्यात अर्धा तास चालवून आले आणि गप्प बसले. एक लिटर टर्बो, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. रेंगाळायची वेळ आली की गिअरबॉक्स स्वतःच खालचा गिअर टाकतो, बाबांना विचारत नाही. स्लाव्हिया घेतली. चाकणचीच, वर्टसची बहीण.

मायलेजची नोंद बाबा एका जुन्या डायरीत ठेवतात. हायवेला सतरा, गावात दहा-अकरा. गावातला आकडा त्यांनी लाल पेनने लिहिलाय. जुनी खोडं इथे जिंकली हे मान्य. पाय हलका असेल तरच छोटं इंजिन छोटं राहतं, सारखं थांबून-निघताना टर्बोही आपला वाटा मागतो. थंडीत सुरू केली की सीटखाली तीन सिलिंडरची किंचित थरथर येते, तिच्याबद्दल आईची तक्रार आहे.

घाट चढून आल्यावर टर्बो तापलेला असतो, लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट चालू ठेवा, एवढं मात्र मी या वेळी नीट समजावून सांगितलं. परवा घरी होतो. बाबा मंडईतून मेथी घेऊन आले. एवढ्याशा अंतराचं काम. गाडी फाटकाच्या आत आली, थांबली, इंजिन चालूच. आई दारातून ओरडली, "अहो, बंद करा की, पेट्रोल जळतंय!"

बाबांनी काच खाली केली. "थांब जरा. तो निवतोय."