एक टिक राहून गेली

गोष्ट २०२३ च्या संक्रांतीची आहे, पण लिहायची राहूनच जात होती. आज शनिवार, चहा झालाय, म्हटलं लिहून टाकू.

तर झालं असं, की साताऱ्याहून वहिनीचा फोन आला. बारा वर्षं घर आणि मुलं सांभाळल्यावर तिला परत अकाउंट्सची नोकरी शोधायची होती. पायथन आलं तर बरं, असं कुणीतरी सांगितलेलं. "भावोजी, ते कॉम्प्युटरवर टाकायचं कसं हो?" मी नेमका मीटिंगला निघालो होतो. "अगं वहिनी, एकदम सोप्पं! इन्स्टॉलर उतरव आणि नेक्स्ट-नेक्स्ट करत जा. पाच मिनिटांचं काम."

तीन आठवड्यांनी सणाला घरी गेलो. हातावर तिळगूळ ठेवता ठेवता ती म्हणाली, "मी सोडून दिलं ते. एवढं सोपं असून जमलं नाही, म्हणजे आपलं काम नाही ते."

माझ्या तोंडातला तिळगूळ तोंडातच राहिला.

दादाच्या जुन्या डेस्कटॉपसमोर बसलो. पायथन ३.११ अगदी नीट बसलेलं होतं! पण काळ्या खिडकीत 'पायथन' टाइप केलं की ऍप स्टोअर उघडायचं. वहिनीला वाटलं, आता विकत घ्यायचंय. (नाही हो, १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसमने ते पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हापासून फुकटच आहे.)

भानगड होती 'पाथ'ची. आपण कमांड लिहिली की विंडोज अख्खी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, ती क्रमाने बघतं. यादीत पायथनचं फोल्डर नसेल तर ते असून नसल्यासारखं. त्यात ते बसतं 'ऍपडेटा'च्या आत, आणि हे फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवतं. यादीत नाव घालायचं तर इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर, तळाशी, एक टिक करावी लागते. ती आधीपासून केलेली नसते. नेक्स्ट-नेक्स्ट करणाऱ्याला ती दिसणार कशी?

इन्स्टॉलर पुन्हा चालवला, 'मॉडिफाय'मध्ये जाऊन ती टिक केली. तरी तेच! दोन मिनिटं मीही गारठलो. मग आठवलं, उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते. बंद करून नवी उघडली, आणि चाललं.

खरं सांगू? २००४ साली कॉलेजात जावा टाकताना याच पाथपायी माझे दोन दिवस गेले होते. शेवटी होस्टेलवरच्या एका सीनियरने शेजारी बसून करून दिलं. ते मी सोयीस्कर विसरलो आणि वहिनीला 'सोप्पं' म्हणून मोकळा झालो. तिला इन्स्टॉलरने नाही, माझ्या त्या एका शब्दाने हरवलं होतं.

वहिनीने पहिली ओळ लिहिली ती दुधाच्या हिशेबाची. एकतीस दिवस, दीड लिटर, छप्पन्न रुपये. उत्तर आलं २६०४.०.

"हे पॉइंट शून्य कशाला?"

"दीड अपूर्णांक आहे ना, म्हणून उत्तरही अपूर्णांकातच देतं."

तिने मान डोलावली आणि पुढची ओळ लिहायला घेतली. मी उठलो नाही.

असो. तुम्हाला कुणी विचारलं तर 'सोपं आहे' म्हणू नका. पहिली ओळ चालेपर्यंत जरा शेजारी बसा, बास.