गॉवर स्ट्रीटवरील जमाखर्च

बँकेच्या नोकरीत मार्च महिन्यात मला कधी रजा मिळाली नाही. निवृत्तीनंतर मात्र गेल्या मार्चमध्ये आम्ही उभयता नातीला भेटण्यासाठी लंडनला गेलो. ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेचे शास्त्र, या विषयाच्या बी.एस्सी.च्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होती.

तिने हा विषय निवडला तेव्हा घरात बरीच चर्चा झाली होती. आमच्या चिरंजीवांचे बारामतीला कापडाचे दुकान आहे. ‘तीन वर्षे शिकूनही ती डॉक्टर होणार नाही, मग होणार काय?’ हा त्यांचा प्रश्न. माझी शंका निराळी होती. या शास्त्राचा पाया प्राण्यांवरील प्रयोगांवर उभा आहे, असे मी वाचले होते. ज्या घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतात, त्या घरची मुलगी तेथे काय करील?

पॅडिंग्टन स्थानकावरून आम्ही काळ्या टॅक्सीत बसलो. चालकाने नकाशाकडे न पाहता गल्लीबोळांतून गाडी काढली. नात म्हणाली, “आजोबा, यांच्या मेंदूवर आमच्याच कॉलेजात संशोधन झाले आहे.” या चालकांना ‘नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून ६ मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते त्यासाठी पाठ करावे लागतात आणि तयारीत तीन-चार वर्षे जातात. एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० साली १६ चालकांच्या मेंदूच्या प्रतिमा अभ्यासल्या. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा मागील अंश त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. पुढे २०११ साली उमेदवारांची तयारीपूर्वी व नंतर तपासणी झाली. जे उत्तीर्ण झाले त्यांच्यातच ही वाढ दिसली. वडिलांच्या आडतीतील मुनीमजी मला आठवले. कोणत्या आसामीचे खाते कोणत्या पानावर, हे ते वही न उघडता सांगत.

गॉवर स्ट्रीटवरील कॉलेजची इमारत उंच स्तंभांची व भव्य घुमटाची आहे. स्थापना १८२६ ची. त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिजची पदवी अँग्लिकन पंथाबाहेरील व्यक्तीस मिळत नसे. येथे मात्र धर्माची अट नव्हती. १८७८ पासून स्त्रियांनाही पदवीसाठी प्रवेश मिळू लागला. त्या पायऱ्यांवर नातीला उभी पाहताना मला या दोन्ही गोष्टींचे मोल जाणवले.

याच कॉलेजात जॉन ओकीफ यांनी १९७१ साली ‘स्थान-पेशी’ शोधल्या. उंदीर एखाद्या विशिष्ट जागी आला की हिप्पोकॅम्पसमधील ठरावीक पेशी कार्यरत होतात. जणू मेंदूत जागेचा नकाशाच असतो. या शोधासाठी त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नात हे उत्साहाने सांगत होती. मी मध्येच विचारले, “त्या उंदरांच्या मेंदूत तारा घातल्या असतील ना?”

ती थांबली. मग म्हणाली, “हो आजोबा, घातल्या होत्या. जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायला इथे १९८६ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. मी तो घेतलेला नाही. माझा प्रकल्प माणसांच्या एमआरआय प्रतिमांवर आहे आणि मी तो मुद्दाम निवडला. पण मी जे पुस्तकातून शिकते, ते त्या उंदरांकडूनच आले आहे. माझा त्याच्याशी संबंध नाही, असे मला म्हणता येणार नाही.”

मी निरुत्तर झालो. जमेची बाजू मोठी दाखवून खर्चाचे पान दडवणारे पुष्कळ ताळेबंद मी नोकरीत पाहिले आहेत. एकवीस वर्षांच्या या मुलीने खर्च लपवला नाही. माझ्या शंकेचे निरसन झाले असे मी म्हणणार नाही. ती हिंसा आजही मला सलते. परंतु ती ज्या मुलीलाही सलते, तिच्या हाती हे शास्त्र असावे, असे मात्र वाटू लागले.

चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर मी परतल्यावर दिले. ही पदवी वैद्यकाची नव्हे. पुढे संशोधन, औषधनिर्मिती किंवा विद्यार्थ्याची इच्छा असल्यास वैद्यकीय शिक्षण, असे मार्ग आहेत; पण नोकरीची हमी नाही. पेशीविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र व संख्याशास्त्र यांची बैठक मात्र पक्की होते. वाचकांच्या घरी असा विषय निघाल्यास मुलांना हे आधीच स्पष्ट सांगावे आणि त्यांचेही पूर्ण ऐकून घ्यावे.

नातीला विस्मरणाच्या विकारावर पुढे अभ्यास करावयाचा आहे. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे लागणार होते. ‘जामीन राहण्यापूर्वी दहा वेळा विचार करा,’ असे मी आयुष्यभर खातेदारांना सांगत आलो. मीही तेवढा विचार केला आणि जामीनदार म्हणून सही केली.