थेरगांवचें बंदर

थेरगांवाहून समुद्र दिसत नाहीं. त्याची गाजही ऐकूं येत नाहीं. गांवाला पाणी आहे तें पवनेचें. केजुबाईच्या बंधाऱ्याशीं ती घटकाभर संथ होते, आणि पलीकडच्या तीरावर चिंचवडास श्रीमोरया गोसावींची समाधि आहे. अशा गांवाविषयीं लिहितांना आम्हीं बंदराची गोष्ट काढावी, हें वाचकांस प्रथम चमत्कारिक वाटेल. पण डांगे चौकांतून पश्चिमेस जाऊन मुंबई-बंगळूर हमरस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभें राहावें. एकामागून एक ट्रेलर जात असतात, आणि कित्येकांच्या पाठीवर एक लोखंडी पेटी असते. कोणती वीस फूट लांब, कोणती चाळीस. यांनाच कंटेनर म्हणतात. कोणांत चाकणचे यंत्रभाग, कोणांत भोसरीच्या लहान कारखान्यांतील ओतकाम, कोणांत परदेशांतून आलेला कच्चा माल. या पेट्या पाहिल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं, थेरगांवालाही एक बंदर आहे. तें शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर, न्हावा-शेव्याला आहे, इतकेंच.

देशावरून समुद्राकडे जाणारी वाट आजची नव्हे. चाकणवरून उत्तरेस जाणारा रस्ता पुढें जुन्नरकडे फुटतो, आणि जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याचा व्यापार या घाटानें चाले. तेथील लेण्यांतला राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आमच्या कित्येक वाचकांनीं पाहिला असेल. पुढें हा मान बोरघाटाकडे आला. १८३० सालीं तेथें गाडीरस्ता झाला, १८६३ सालीं आगगाडी घाट चढली, आणि २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि मग पिंपरी, आकुर्डी, भोसरी व चाकण या माळांवर कारखान्यांची रांग लागली. जमीन व पाणी होतें हें खरेंच. पण एक घाट उतरला कीं मुंबईचें बंदर, ही सोयही त्याच्या जोडीला होती.

मुंबईच्या जुन्या गोद्या शहराच्या मिठींत सांपडल्या. इकडे जगांत मालवाहतुकीची रीतच पालटली. १९५६ सालीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्यानें ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ पेट्या चढविल्या, आणि गोणी-गोणी पाठीवर वाहण्याचे दिवस सरूं लागले. या नव्या रीतीस मोकळी जागा हवी होती. म्हणून खाडीपलीकडे उरण तालुक्यांत बंदर बांधण्यांत आलें. २६ मे १९८९ रोजीं तें सुरू झालें व त्यास पंडित जवाहरलाल नेहरूंचें नांव मिळालें. घारापुरीच्या लेण्यांस लाँचनें जातांना त्या बाजूस उंच याऱ्यांची ओळ दिसते, तेंच हें. वीस फुटी पेटीच्या मापानें २०२४-२५ या एका वर्षांत येथून ७३ लाखांवर पेट्या गेल्या-आल्या.

याचा आपल्या घराशीं संबंध काय? आमच्या वाचकांपैकीं कितीक घरांतील मुलगा, जांवई किंवा सून या पट्ट्यांतील कारखान्यांत नोकरीस असेल. आजकाल कारखाने सुटे भाग महिनामहिना सांठवून ठेवीत नाहींत. भरल्या घरांत कोठीची किल्ली हरवली म्हणजे पेटलेली चूल जशी रिकामी जळते, तशी गत बंदरावर पेटी अडली कीं कारखान्याची होते. परदेशीं जाणाऱ्या मालाचेंही तेंच. जहाजासाठीं पेट्या घेण्याची वेळ ठरलेली असते. घाटांत गाड्या तुंबून ती वेळ चुकली कीं माल पुढच्या जहाजाची वाट पाहत बसतो. म्हणून ट्रेलर हांकणारा, याऱ्या चालविणारा, जकातीचे कागद करणारा दलाल, तळेगांवच्या अंतर्देशीय आगारांतील कारकून, हे सारे आपल्या पगाराचे भागीदार होत. शिकलेल्या घरांत मालवाहतुकीचा धंदा दुय्यम मानण्याची जी खोड आहे, ती आतां सोडली पाहिजे. या कामास भूगोल, हिशेब, कायदा आणि शब्दाची सचोटी या चारींची गरज आहे, आणि आपल्या मुलामुलींस तें खचित शोभेल.

परंतु बंदराचा कैवार घेणारानें दुसरी बाजू झांकूं नये. नव्या मुंबईसाठीं जमिनी घेतल्या जात असतां १९८४ च्या जानेवारींत उरण भागांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले; गोळीबारांत पांच जण मृत्युमुखीं पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व त्या रक्तांतून आलें. थेरगांवास हें दुःख परकें नाहीं. १९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर प्राधिकरणानें याच परिसरांतील जमिनी घेतल्या, आणि येथील शेतकऱ्यांची साडेबारा टक्क्यांची मागणी दशकांमागून दशकें रेंगाळली.

आतां पालघर जिल्ह्यांत डहाणूजवळ वाढवण येथें नवें बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याचा पाया घातला गेला. अंदाजी खर्च ७६,००० कोटि रुपयांहून अधिक आहे. तेथें सुमारें २० मीटर नैसर्गिक खोली असल्यानें जगांतील मोठ्यांत मोठीं जहाजें लागूं शकतील. शेवाबंदरावरील भार वाढतच असल्यानें असें दुसरें बंदर महाराष्ट्रास हवें, हें आमचें स्पष्ट मत आहे. पण तेथील मच्छीमार व बागायतदार वर्षानुवर्षें विरोध करीत आहेत, आणि त्यांचें म्हणणें हट्ट म्हणून उडवून लावण्याजोगें नाहीं. ज्या पाण्यांत त्यांचीं जाळीं पडतात, तेंच पाणी भरावाखालीं जाणार आहे. नुकसानभरपाई, मासेमारीचे हक्क आणि त्यांच्या मुलांना बंदरांतील कुशल कामाचें शिक्षण, यांचा हिशेब पहिलें जहाज लागण्यापूर्वींच पुरा व्हावा. नंतरचीं आश्वासनें किती दिवस टिकतात हें थेरगांवकरांस विचारावें.

म्हणून आमची सूचना एवढीच. येत्या सुटींत मुलांना घारापुरी दाखवाल, तेव्हां त्रिमूर्तीबरोबर पलीकडच्या याऱ्याही दाखवा, आणि घरांतील कोणाची भाकरी त्या वाटेनें येते तें सांगा. त्याच वेळीं हेंही सांगा कीं, तो किनारा कोणाचा तरी होता, आणि त्याचें देणें आपल्याकडे आहे.